आठ माणसांची शेगडी

महागडी शेगडी बुधवारी सकाळी आली. खोक्यासकट ती दारातून आत जाईना, म्हणून दोघा हमालांनी खोकं पायरीवरच फोडलं. तरीही घरातून मागच्या अंगणात नेताना त्यांनी चौकटीचा रंग खरवडलाच.

"आधी मोजून घ्या म्हटलं होतं मी," हातात मोजपट्टी घेऊन उभी असलेली धाकटी म्हणाली.

"मोजून काय होणार बाई? मोजल्यावर शेगडी लहान थोडीच होणारे?" वयाने मोठा हमाल घाम पुसत म्हणाला. मग त्याने अंगणाकडे पाहिलं. एक खुर्ची होती, दोरीवर एकच टॉवेल वाळत होता. "घरात किती माणसं आहात?"

"पुरेशी आहोत," धाकटी म्हणाली आणि त्याच्या कागदावर सही केली.

सत्तावन्न उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. ताई थोरली, ही धाकटी. तीस वर्षांपूर्वी ताईचा नवरा गेला आणि चार वर्षांच्या मुलाला काखोटीला मारून ती माहेरी आली, तेव्हापासून गल्लीसाठी त्या थोरल्या बाई आणि धाकट्या बाई झाल्या. आईवडील गेले, ताईचा मुलगा मोठा होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, धाकटीचं लग्न या ना त्या कारणाने राहून ते राहूनच गेलं, आणि दोघी बहिणी त्या घरात एकमेकींच्या सवयीने राहत होत्या. दहा महिन्यांपूर्वी ताईच्या सुनेला मुलगी झाली. "दोन महिन्यांत येते गं," म्हणून ताई गेली. जाताना तिने फ्रिजवर दूधवाल्याचा नंबर चिकटवला आणि धाकटीला बजावलं, की कामाच्या नादात जेवण विसरू नकोस.

धाकटीचं काम म्हणजे वस्तू तपासण्याचं. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती तेवीस वर्षं होती. बाजारात आलेले मिक्सर, इस्त्र्या, तवे, कपडे धुण्याची यंत्रं ती चालवून, तापवून, आपटून बघायची आणि घ्यावं की नाही ते लिहायची. कुठल्याही कंपनीची भेट तिने कधी घेतली नव्हती, डब्यातली नमुन्याची बिस्किटंसुद्धा नाही. ऑफिसात म्हणायचे, मॅडमनी सांगून आलेलं स्थळही आधी तीनशे वेळा चालू-बंद करून बघितलं असतं. "म्हणून तर राहिलं," असं तीच पुढे जोडायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची.

एरवी असल्या चाचण्या ऑफिसच्या मागच्या चौकात होत. पण गटाराच्या कामासाठी चौक खणून ठेवलेला. संपादकाने फोन केला. वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, सदा घाईत असलेला माणूस. "मॅडम, अंगण असलेलं घर आपल्यात तुमचंच. गॅसच्या दोन शेगड्या पाठवतो, उघड्यावर भाजायच्या. एक अगदी वरच्या दर्जाची, एक साधी. महागडीच्या किमतीत त्या साध्या पाच येतील. मुखपृष्ठावर एवढाच प्रश्न टाकायचाय, पाचपट पैसे कशासाठी? उत्तर तुम्ही द्यायचं. तीन आठवडे आहेत."

साधी शेगडी आदल्याच दिवशी एकट्या माणसाने उचलून आणून ठेवली होती. पत्र्याची, दोन बर्नरची, एक चाक जरा डगमगतं. तिच्या शेजारी आता ही महागडी येऊन उभी राहिली. चार बर्नर, बिडाच्या जाड जाळ्या, दुहेरी पत्र्याचं झाकण आणि त्यावर तापमान दाखवणारी तबकडी. अंगणात दुसऱ्या कोणाला उभं राहायला जागा उरली नाही, असं धाकटीला आधी वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की दुसरं कोणी नव्हतंच.

पहिले आठ दिवस सुखात गेले. धाकटीला असं काम आवडायचं. ती सकाळी चहा पिऊन वही, तापमापक आणि घड्याळ घेऊन अंगणात बसायची. कोणती शेगडी किती मिनिटांत तापते, वारा सुटला तर आच किती उतरते, चरबी ठिबकली की कुठे भडका उडतो, सगळं वहीत उतरवायची. आच सगळीकडे सारखी लागते का हे बघायची युक्ती सोपी असते. जाळीवर ब्रेडचे स्लाइस कडेपासून कडेपर्यंत मांडायचे आणि ठरावीक वेळाने एकदम उलटायचे. महागड्या शेगडीवर अठ्ठावीस स्लाइस मावले आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस एका रंगाचे निघाले, शाळेच्या गणवेशात रांगेने उभ्या केलेल्या पोरांसारखे. साध्या शेगडीवर अठरा मावले. त्यातले पुढचे कोळसा झाले, मागच्या कोपऱ्यातल्यांना आपण शेगडीवर आहोत याचा पत्ताच नव्हता.

आणि ते झाकण! चाचणीच्या नियमाप्रमाणे पाचशे वेळा उघडून मिटायचं होतं. साधीचं झाकण दर वेळी असं आदळायचं, की शेजारच्या छपरावरचं मांजर शंभराच्या आतच घर सोडून गेलं. महागडीचं झाकण मात्र हातातून सोडलं तरी सावकाश खाली यायचं आणि झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने टेकायचं. पाचशे झाले तरी धाकटी ते उघडत-मिटत राहिली. सहाशे वीसपर्यंत गेल्यावर ती भानावर आली आणि तिने उगाचच आजूबाजूला बघून घेतलं.

रविवारी ताईचा फोन आला. मागे नात भोकाड पसरून रडत होती.

"जेवलीस का?"

"ब्रेड खाल्ला."

"नुसता ब्रेड? मी नाही म्हणून वाटेल ते खायचं का गं?"

"सेहेचाळीस स्लाइस होते ताई. टाकून द्यायचे?"

ताई हसली. ती हसली की धाकटीला बरं वाटायचं. ती झाकणाचं सांगायला लागणार तेवढ्यात ताई म्हणाली, "थांब हं जरा, हिला घेते." धाकटी थांबली. बराच वेळ फोन कानाला लावून ती उभी होती. मग बघितलं, तर तो केव्हाच बंद झाला होता.

अडचण आली ती शेवटच्या चाचणीत. नियम तिनेच बारा वर्षांपूर्वी घालून दिलेला. भाजण्याच्या कुठल्याही वस्तूवरचं अन्न निदान आठ माणसांनी खाऊन बघायचं, कोणता घास कोणत्या शेगडीवरचा हे त्यांना कळू न देता, आणि प्रत्येकाने आपापला तक्ता भरायचा. ऑफिसात ही चाचणी म्हणजे मेजवानीच असायची. हिशेबनीसापासून शिपायापर्यंत सगळे डबे बाजूला सारून यायचे. आता चौक बंद, आणि तिच्या घरी भाजी-ब्रेड खायला शहर ओलांडून कोण येणार?

"घरच्यांना बसवा, शेजाऱ्यांना बोलवा," संपादक म्हणाला. "आठ माणसं म्हणजे काय मोठं मॅडम! आमच्याकडे बिनबोलावता तेवढी असतात."

"हो, होतील," धाकटी म्हणाली.

ती माणसं मोजायला बसली. ऑफिस सोडलं तर तिला ओळखणारी माणसं कोण? दूधवाला, पण तो पहाटे पिशवी टांगून जायचा, तोंड बघून वर्ष झालं असेल. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, चष्मेवाले. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, बायको वारलेली, जिना वेगळा. जाता-येता मान हलवण्यापुरती ओळख. समोरच्या घरातले ट्रकवाले आणि त्यांची बायको, त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची. औषधांच्या दुकानात बसणारी तिशीतली बाई. ही सगळी माणसं खरं तर ताईची होती. ताई दारात उभी राहिली, की दहा मिनिटांत तिच्याभोवती चारजण जमायचे. धाकटी मागून हसून मान हलवायची आणि आत कामाला निघून जायची. ते ताईचं खातं आहे, असं ती तीस वर्षं धरून चालली होती.

अहवाल द्यायला आठ दिवस राहिले. मंगळवारी दुपारी धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, आठ कोरे तक्ते पुढे ओढले आणि तेवीस वर्षांत केलं नव्हतं ते करायला लागली.

पहिल्या तक्त्यावर तिने उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं, वय पंचेचाळीस, पुरुष. महागड्या शेगडीवरचा बटाटा अधिक आवडला. दुसऱ्यावर गोल गोल अक्षर काढलं, वय तीस, स्त्री. दोन्ही सारखेच. तिसऱ्यासाठी तिने शाईचं पेन घेतलं. हा म्हातारा, कटकट्या, दातांनी बेजार. कणीस चावता आलं नाही म्हणून त्याने दोन्ही शेगड्यांना शिव्या दिल्या. लिहिता लिहिता धाकटीला हसू आलं. चौथी कोण? चौथी एक बडबडी बाई असावी. ती म्हाताऱ्याच्या शेजारी बसून त्याला कणसाचे दाणे सोलून देईल, पंचेचाळीसवाल्याला म्हणेल, जरा सरका की. धाकटीने तिला बसवून घेतलं, तिच्या ताटलीत आणखी एक तुकडा वाढला. 'इतर शेरा' या रकान्यात बाईने घाईघाईने लिहिलं, 'फार मजा आली. पुन्हा बोलावलंत तर नक्की येईन.'

धाकटीचं पेन थांबलं.

तिने ती ओळ वाचली, मग परत वाचली. घरात फ्रिज घुर्रघुर्र करत होता. आपण खोटं लिहिलं याची लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण त्याच्या आधी भलतंच काहीतरी वाटून गेलं. ही चौघं उठून जाऊ नयेत असं वाटलं. तिने चारही तक्ते फाडले, बारीक बारीक फाडले आणि केराच्या डब्यात टाकून वरून चहाचा चोथा ओतला. मग तोंड धुतलं, केस सारखे केले आणि चप्पल घालून समोरच्या घराची बेल वाजवली.

दार वहिनींनी उघडलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं? थोरल्या बाई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. मी वेगळ्याच कामाने आलेय. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जेवायला याल का? दोघंही. म्हणजे जेवण असं नाही, परीक्षा आहे."

"परीक्षा? आमची?"

"शेगडीची."

धाकटीने सगळं समजावून सांगितलं. तापमानापासून सुरुवात केली, त्यामुळे वेळ लागला. वहिनींनी पदराने डोळ्यांपर्यंत आलेलं हसू पुसलं. "येऊ की. न यायला काय झालं? खरं सांगू का धाकट्या बाई, थोरल्या बाई गेल्यापासून तुमच्या दाराशी यायला कसंतरीच वाटायचं. म्हटलं, तुम्हाला माणसांची आवड नाही, उगाच कशाला त्रास द्या."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही म्हणालं. आम्हीच आपलं ठरवलं."

चष्मेवाल्यांना वाटलं, ही घर विकायला काढलंय हे सांगायला आली. खरं कारण कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मला मीठ कमी लागतं." औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, "अय्या, मला आजवर कोणी चव विचारलीच नाही. येईन." कोपऱ्यावरचे शिकवणीवाले मास्तर "बघतो" म्हणाले, तेव्हाच ते येणार नाहीत हे कळलं. आणखी दोघांनी कामं सांगितली.

शनिवारी पाच माणसं आली. ट्रकवाले, वहिनी, वहिनींकडे पाहुणी आलेली त्यांची बहीण, चष्मेवाले आणि औषधवाली. खुर्च्या चारच होत्या. ट्रकवाले घरून दोन डोक्यावर घेऊन आले. सुरुवातीला सगळे लग्नाला लवकर पोचल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसले. धाकटीने निळ्या ठिपक्याच्या आणि पिवळ्या ठिपक्याच्या ताटल्या वाटल्या. कोंबडीचे तुकडे, बटाटे, कांदे, मक्याची कणसं, प्रत्येक गोष्ट दोन्ही शेगड्यांवर एकाच वेळी भाजलेली, सेकंद मोजून.

"आता बोला. निळी की पिवळी? घाई करू नका. एकमेकांचं बघून लिहू नका."

"शाळेत हेच ऐकलं, तेव्हाही नापासच झालो," ट्रकवाले म्हणाले, आणि पहिल्यांदा सगळे हसले.

मग जिभा सुटल्या. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घास घोळवला आणि ठामपणे सांगितलं, "पिवळी. पिवळी म्हणजे महागडीच. तोंडात ठेवल्याबरोबर कळतं." पिवळी साधी होती. धाकटीने चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तिघांनी साधीला पसंती दिली, दोघांनी महागडीला, आणि त्या दोघांनीही "तसं काही फारसं नाही हो" असं म्हणत दिली. पण एक गोष्ट धाकटीने वहीत टिपून ठेवली. खाणं संपल्यावर हात धुऊन सगळे आपोआप महागड्या शेगडीभोवतीच जमले. ट्रकवाल्यांनी झाकणावरून तळहात फिरवला. "आमच्या गाडीचं बॉनेटही एवढ्या मायेने लागलं नाही कधी," ते म्हणाले. औषधवालीने झाकण तीनदा उघडून मिटलं. धाकटीने लिहिलं, 'सर्वजण महाग शेगडीजवळ उभे राहिले. कारण विचारलं. सांगता आलं नाही.'

ती जाळ्या घासायला घेत होती, त्यांचं बोलणं कानावर येत होतं. बोलणं ताईचं चाललेलं. थोरल्या बाईंनी औषधवालीच्या धाकट्या भावाला कशी नोकरी मिळवून दिली, वहिनी आजारी होत्या तेव्हा त्या रोज कशा येऊन बसायच्या, पावसात छत्री उलटली तेव्हा भर रस्त्यात कशा हसत सुटल्या. यातलं निम्मं धाकटीला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं एका घरात राहून!

साडेसातला सगळे उठले. वहिनी दारात थांबल्या, धाकटीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "छान झालं हो. थोरल्या बाई आल्या ना, की परत करू असंच."

"हो, करू," धाकटी म्हणाली.

दार लावून तिने लगेच ताईला फोन केला. आज फोन शांत होता, बाळ झोपलं असावं. धाकटीने सगळं सांगितलं. चष्मेवाल्यांची फजिती, ट्रकवाल्यांच्या खुर्च्या, उलटी छत्रीसुद्धा. ताई पोट धरून हसली. "अगं बाई, तू आणि पाच पाहुणे! मला फोटो तरी पाठवायचास." मग म्हणाली, "ऐक ना. माझं शिवणयंत्र पाठवता येईल का गं? ट्रकवाल्यांना विचार, त्यांच्या ओळखीतली गाडी इकडे येते. बाळाचं काही ना काही शिवायचं असतं, बाहेर नीट मिळत नाही."

शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीखाली होतं, त्यावर ताईचा चष्म्याचा जुना डबा तसाच होता.

"ताई, येणारं माणूस शिवणयंत्र मागवत नाही."

"नाही मागवत," ताई हळूच म्हणाली. "कधीपासून सांगायचं होतं. सूनबाई परत कामावर जायला लागली. ही पोरगी मला सोडत नाही. आणि खरं सांगायचं, मलाही सोडवत नाही." "तू ये ना इकडे. लेकाने खोली पण बघून ठेवलीय."

"माझं काम आहे इथे."

"हो गं. काम आहे खरं."

फोन मात्र कोणी ठेवला नाही. ताईचा श्वास ऐकू येत होता. शेवटी तिकडे बाळ उठलं.

सोमवारी ट्रकवाल्यांच्या ओळखीची गाडी येऊन शिवणयंत्र घेऊन गेली. धाकटीने ते स्वतः गुंडाळलं, चाकाला तेल दिलं, सुयांची डबी खणात चिकटपट्टीने पक्की केली. खिडकीखाली फरशीचा एक चौकोन तेवढा उजळ राहिला. त्या दिवशी तिला जेवायची आठवण झाली नाही.

मंगळवारी तिने अहवाल लिहिला. सरळ लिहिला. महाग शेगडी उत्तम आहे, आच सगळीकडे एकसारखी लागते, बांधणी अशी की पुढच्या पिढीला द्यावी. पण खाणाऱ्याच्या जिभेला फरक कळत नाही. खाणारे पाचच होते, आठ मिळाले नाहीत, हेही तिने नमूद केलं. आणि शेवटी निकाल दिला, 'ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी सात-आठ माणसं एकत्र जेवतात, त्यांनी ही खुशाल घ्यावी, पैसे वसूल होतील. बाकीच्यांनी साधी घ्यावी.'

बुधवारी संपादकाचा फोन आला. तो खूश होता. "फर्मास झालंय मॅडम. एकच गोष्ट. दोन्ही शेगड्या आपण विकत घेतलेल्या, आता ऑफिसात ठेवायला जागा नाही. कर्मचाऱ्यांना निम्म्या किमतीत देतोय. पहिला मान तुमचा. महागडी तुम्ही घ्या. तुम्हाला आवडलीये, अहवालावरून कळतं."

धाकटी फोन घेऊन अंगणात गेली. सकाळचं ऊन झाकणावर पडलं होतं. तिने हात ठेवला, धातू गार होता. आवडली होती, यात वादच नव्हता. निम्मी किंमत तिला जड नव्हती. खर्च करायला दुसरं होतं तरी काय? आयुष्यात एकदा चांगली वस्तू घ्यावी. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी निवडलं. रोज सकाळी ती उघडेल, मिटेल, पुसेल. झाकण सावकाश टेकेल.

"मॅडम? आहात ना? गुरुवारी गाडी पाठवायची की नको, तेवढं सांगा."

"मी अहवालात लिहिलंय," धाकटी म्हणाली. "सात-आठ माणसं."

"ते वाचकांसाठी हो! तुम्हाला कोण विचारतंय?"

"माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत."

हे वाक्य तिने आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं, आरशापुढेसुद्धा नाही. बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तेवढं ते मोठं नव्हतं.

"तुमच्या ताई असतात ना सोबत?" त्याने जपून विचारलं.

"होत्या. आता मुलाकडे असतात. कायमच्या."

"अच्छा. मला माहीत नव्हतं." तो अडखळला. "पण मॅडम, माणसं काय, होतात की हळूहळू."

"झाली तर बघू. तुम्ही महागडी घेऊन जा. साधी ठेवते मी, तिचे पैसे पगारातून कापा."

गुरुवारी तेच दोन हमाल आले. या वेळी त्यांनी मोजून नेली आणि चौकटीला धक्का लागू दिला नाही. मोठ्या हमालाने जाता जाता विचारलं, "नाही पसंत पडली?"

"पडली होती," धाकटी म्हणाली.

पुढचा आठवडा तिचा तिलाच कळला नाही. ऑफिस, घर, पुढच्या अंकासाठी पाणी तापवायच्या किटल्या. शुक्रवारी तिने मन घट्ट करून वहिनींना विचारलं, "उद्या याल का? परीक्षा नाही, असंच." वहिनींना खरोखरच वाईट वाटलं, उद्या नेमकं बहिणीला सोडायला जायचं होतं. औषधवालीची शनिवारी दुकानात पाळी होती. चष्मेवाल्यांना विचारायला तिने दोनदा जिन्यापर्यंत जाऊन पाय मागे घेतला.

शनिवारी पाच वाजता तिने शेगडी अंगणात ओढली, एकच बर्नर पेटवला आणि दोन बटाटे, एक कांदा आणि एक कणीस ठेवलं. खुर्ची आणली. वही आणायला उठली, मग परत बसली. आज लिहायचं काही नव्हतं. एकटीसाठी शेगडी पेटवताना मूर्खासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलंच, पण थोडाच वेळ. मग कणसाचे दाणे तडतडायला लागले आणि तिला भूक लागली.

वरची खिडकी उघडली. चष्मेवाल्यांचं डोकं बाहेर आलं.

"धूर येतोय का वर?" ती गडबडीने उठली. "सॉरी हं. बंद करते."

"नाही, नाही. धुराचं नाही. वास आला म्हणून बघितलं. काय भाजताय?"

"बटाटे. आणि कणीस." मग ती म्हणाली, "दोन आहेत बटाटे. खाली येता का?"

"आज नको. दाढ काढलीय सकाळी. काही चावत नाही." त्यांनी गालावर हात ठेवून दाखवला. धाकटीला वाटलं, आता खिडकी लागेल. पण चष्मेवाले कोपरं टेकून तिथेच उभे राहिले. "त्या दिवशी मी पिवळी म्हटलं होतं. बरोबर होतं ना? महागडीच होती?"

"नाही. साधी होती. हीच."

"हात्तिच्या!" चष्मेवाले म्हणाले, आणि दाढ दुखत असूनही हसले, मग कळ येऊन गाल दाबून धरला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं ठामपणे सांगत होतात."

त्यांनी दाढेचं सगळं सांगितलं, डॉक्टरने दोनदा इंजेक्शन कसं दिलं तेही. धाकटीने किटल्यांचं सांगितलं. मग वर फोन वाजला. "लेकीचा असेल," ते म्हणाले आणि आत गेले. खिडकी त्यांनी उघडीच ठेवली. थोडा वेळ त्यांचं बोलणं वरून पुसट ऐकू येत होतं, मग तेही ऐकू येईना.

धाकटीने बर्नर बंद केला. ताटली मांडीवर घेऊन ती खुर्चीवर बसली आणि कणीस खाल्लं, कांदा खाल्ला, एक बटाटा खाल्ला. दुसरा बटाटा तिने एका वाटीत मऊ कुस्करला, त्यात मीठ बेताचंच घातलं आणि वाटीवर ताटली झाकून जिन्याची पहिली पायरी चढली.